६० मीटरवरच्या लोखंडी जहाजाचं नोंदकाम: वायू, वेळ, दोरी आणि सापडलेली वस्तू

तळठाव

चर्चेसाठी एक आराखडा मांडतोय. ६० मीटरवर, गाळमिश्रित वाळूत, बाष्पयंत्राचं लोखंडी मालवाहू जहाज. नाव ठाऊक नाही. दोघांची जोडी, ओपन सर्किट (सोडलेला श्वास थेट पाण्यात). उद्देश एकच: मोजमापं आणि फोटो घेऊन जहाज ओळखणं. काही वर आणायचं नाही.

तळाचा वायू ट्रायमिक्स १८/४५, म्हणजे १८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम, बाकी नायट्रोजन. पाठीवर १२ लिटरचे दोन सिलिंडर, थंड झाल्यावर २०० बार. डेकोसाठी, म्हणजे वर येताना थांबत थांबत शरीरात मुरलेला वायू बाहेर पडू देण्यासाठी, ११ लिटरमध्ये ५० टक्के ऑक्सिजनचं नायट्रॉक्स (२१ मीटरपासून) आणि ५.७ लिटरमध्ये शुद्ध ऑक्सिजन (६ मीटरवर). उतरण ३ मिनिटं, तळावर २५ मिनिटं. थांब्यांचा हिशेब ब्यूलमान झेडएचएल-१६सी या गणिती पद्धतीने, ग्रेडियंट फॅक्टर ५०/८० (पद्धतीच्या मर्यादेच्या किती टक्क्यांपर्यंत जायचं: पहिल्या स्टॉपला ५०, पृष्ठभागावर ८०).

६० मीटरवर ७ बार. ऑक्सिजनचा आंशिक दाब ७ × ०.१८ = १.२६, ठीक. खोलीवर नायट्रोजन नशा आणतो; ऑक्सिजनलाही तसाच धरलं तर ७ × ०.५५ = ३.८५ बार, म्हणजे हवेवर २८-२९ मीटरवर असल्याइतकी नशा. ५० टक्के मिश्रणाचा २१ मीटरवर १.५५, ऑक्सिजनचा ६ मीटरवर १.६.

गणित तपासा आणि जे राहिलंय ते सांगा.

मंदश्वास

आंशिक दाब बरोबर आहेत. २५ मिनिटं बसत नाहीत.

पाठीवरच्या वायूचा पहिला वाटा राखीव. सगळ्यात वाईट वेळी, म्हणजे तळवेळ संपता संपता, एकाचा वायू गेला तर दोघांनी एका ट्विनसेटवर (एकाच्या पाठीवरच्या जोडीवर) २१ मीटर गाठायचं. घाबरलेला माणूस पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला ३० लिटर धरा, दोघांचे ६०. तळावर सावरायला २ मिनिटं: २ × ७ = १४. मिनिटाला ९ मीटर वेगाने ६० वरून २१ ला यायला ४.३ मिनिटं, सरासरी दाब ५.०५ बार: २२. वाटेत २७ आणि २४ मीटरवर एकेक मिनिटाचा स्टॉप धरा: ७. बेरीज ४३, गुणिले ६०, म्हणजे २,५८० लिटर.

तुमच्या २४ लिटरच्या जोडीत हे १०८ बार होतात. उरले ९२ बार, म्हणजे २,२०० लिटर. शांत श्वास मिनिटाला २० लिटर धरला तर उतरणीत २४० गेले, तळावर मिनिटाला १४० जातात. हाती १४ मिनिटं.

हीच जोडी १५ लिटरची घेतली तर राखीव ८६ बार आणि तळवेळ साधारण २२ मिनिटं. १८ लिटरची घेतली तर ३० च्या वर, पण मग डेको वाढतो आणि ती जोडी पाण्याबाहेर उचलणंच वेगळं काम होतं. माझं मत: १५ लिटर, २२ मिनिटं, आणि काम २२ मिनिटांच्या मापाचं कापून घ्या. कामाच्या मापाची मिनिटं मागायला गेलं की राखीव वायूतून चोरी सुरू होते.

बत्तीवाला

माझा आक्षेप मिश्रणावर आहे. नशेचा हिशेब केलात, घनतेचा राहिला.

६० मीटरवर हवा लिटरला जवळपास ९ ग्रॅम असते. १८/४५ तिथे ५.६ भरतं. श्वासवायूची घनता ५.२ ग्रॅमच्या आत ठेवावी आणि ६.२ कधीच ओलांडू नये, ही शिफारस आता टेक्निकल डायव्हिंगमध्ये सर्वमान्य आहे. कारण साधं. वायू घट्ट झाला की तो फुप्फुसातून आतबाहेर करायला जास्त श्रम पडतात, माणूस नकळत उथळ श्वास घेतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. साठलेला कार्बन डायऑक्साइड नशा वाढवतो, ऑक्सिजनची आकडी येण्याचा धोका वाढवतो, आणि भीती अशी निर्माण करतो की रेग्युलेटर पुरत नाहीये असंच वाटत राहतं. स्वस्थ तरंगणाऱ्याला ५.६ चालेलही. तुम्ही कॅमेरा ढकलत, प्रवाहाविरुद्ध पट्ट्यापट्ट्याने पोहणार आहात.

१५/५५ घेतलं तर ४.८ येतं, पण पृष्ठभागावर १५ टक्के ऑक्सिजन श्वासाला कमी पडतो. शिडीपाशी लाटांत धडपडताना तो वायू तोंडात असणं बरं नाही. म्हणून १८/५५. ऑक्सिजन तोच १.२६, घनता ४.८५, नशा २० मीटरच्या आसपास. हेलियम जास्त जातो हे खरं, पण तो वाचवायची जागा ही नव्हे.

नवा_पाणबुड्या

हवेवर पूर्वी लोक इतकं खोल जात होते ना? मग हेलियम इतका आवश्यक का?

बत्तीवाला

जात होते. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचं उलुबुरुन इथलं कांस्ययुगीन जहाज ४४ ते ६१ मीटरवर होतं, आणि १९८४ ते १९९४ या काळात त्याचं उत्खनन हवेवरच झालं. त्यासाठी काटेकोर वेळापत्रक, तळावर मोजकी मिनिटं, वर ऑक्सिजन आणि जागेवर पुनर्दाबन कक्ष होता. तरी ६० मीटरवर हवा म्हणजे ऑक्सिजन १.४७, घनता ९, आणि नशा अशी की पाटीवर काय लिहिलं ते वर आल्यावर आठवत नाही. न्यू जर्सीजवळ १९९१ साली ७० मीटरच्या आसपास सापडलेल्या यू-८६९ या जर्मन पाणबुडीवर पुढे तीन पाणबुडे मरण पावले. त्यांतले दोघे बाप-लेक १९९२ साली हवेवर उतरले होते. हेलियम उपलब्ध असताना हवा निवडायला आज काही कारण उरलेलं नाही.

तळठाव

१५ लिटर, १८/५५, तळावर २२ मिनिटं: पटलं, तसा बदल करतो. आता भरण्याचं बोला. रिकाम्या सिलिंडरपासून २०० बारला आंशिक दाबाने, म्हणजे एकेक वायू त्याच्या वाट्याच्या दाबापर्यंत घालत.

मंदश्वास

हेलियम २०० × ०.५५ = ११० बार. एकूण ऑक्सिजन हवा ३६ बार. त्यातला काही शेवटी भरायच्या हवेतून येतो. उरलेल्या ९० बारांत शुद्ध ऑक्सिजन किती, तर (३६ − १८.९) ÷ ०.७९ = २१.६. म्हणजे ११० + २१.६, मग हवेने २०० पर्यंत.

क्रम सहसा पुरवठ्याच्या सिलिंडरांवर ठरतो. हेलियम आधी घातला तर ऑक्सिजन १३१ बारपर्यंत ढकलावा लागतो. ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर अर्धा संपलेला असेल तर तो चढणारच नाही, बूस्टर (दाब वाढवणारा पंप) लागेल. अशा वेळी ऑक्सिजन आधी २१.६ बार, मग हेलियम १३१.६ पर्यंत, मग हवा. शुद्ध ऑक्सिजन घालायचा तर सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि नळी ऑक्सिजनसाठी स्वच्छ केलेली हवीत, वंगणही त्याच जातीचं. व्हॉल्व्ह अगदी हळू उघडायचा. झटकन उघडला की पुढचा वायू एकदम दाबला जाऊन तापतो, आणि तेलाचा अंश किंवा कचरा असेल तर तिथेच पेट घेतो. शेवटी भरायची हवासुद्धा ऑक्सिजनला चालेल इतकी गाळलेली हवी; साध्या कॉम्प्रेसरच्या हवेतलं तेल इथे धोक्याचं.

प्रत्येक टप्प्याला सिलिंडर गरम होतो आणि गेज खोटं जास्त दाखवतं. थंड होऊ द्या, मग आकडा वाचा. नाहीतर पहिला वायू कमी पडतो आणि हवा त्याची जागा घेते. भरून झाल्यावर काही तास ठेवा, मग ऑक्सिजन आणि हेलियम दोन्ही मोजा. मोजलेल्या आकड्यावरच डेकोचा आराखडा पुन्हा काढा, ठरवलेल्या आकड्यावर नाही. आणि जो श्वास घेणार, त्यानेच स्वतः मोजायचं.

आणखी एक: ड्रायसूटमध्ये (अंग कोरडं ठेवणाऱ्या पोशाखात) पाठीवरचा वायू घालू नका. हेलियम हवेच्या जवळपास सहापट उष्णता वाहून नेतो. लहान वेगळ्या सिलिंडरात आर्गॉन किंवा साधी हवा. डेकोत कुडकुडणाऱ्या शरीरातून वायू हळू निघतो, म्हणून ऊब हा डेकोचाच भाग आहे.

नवा_पाणबुड्या

खालचा ग्रेडियंट फॅक्टर ५० म्हणजे पहिला स्टॉप बराच वर येतो. मी २०/८० असं वाचलं होतं, खोल स्टॉप घेतले की बुडबुडे कमी होतात म्हणून.

मंदश्वास

तो विचार एकेकाळी सर्वत्र होता. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक केंद्राने १७० फुटांवर ३० मिनिटांच्या, हवेवरच्या डायव्ह घेऊन दोन वेळापत्रकं ताडून पाहिली. एकूण डेको वेळ सारखा, फक्त वाटणी वेगळी: एकात स्टॉप खोल, दुसऱ्यात उथळ. २०११ साली निष्कर्ष आले, आणि खोल स्टॉपच्या बाजूला डीकंप्रेशनचा आजार जास्त निघाला. खोल थांबता तेव्हा जलद (वायू लवकर घेणाऱ्या-सोडणाऱ्या) ऊतींतून वायू निघतो हे खरं, पण संथ ऊती त्याच वेळी आणखी भरत असतात, आणि त्याची किंमत शेवटच्या टप्प्यात मोजावी लागते. म्हणून खालचा फॅक्टर ४०-५० च्या खाली बरेच जण नेत नाहीत आता. जास्त सुरक्षितता हवी तर वरचा ८० चा ७० करा आणि तो वेळ ६ मीटरवर ऑक्सिजनवर घालवा. तिथेच तो सर्वांत उपयोगी पडतो.

बत्तीवाला

त्यावर ऑक्सिजनची मर्यादा लक्षात ठेवा. १.६ बारला एनओएएची (अमेरिकी सरकारच्या सागरी संस्थेची) मर्यादा ४५ मिनिटं आहे. ६ मीटरवर २० मिनिटं म्हणजे ४४ टक्के तिथेच, तळाचे १२-१३ आणि ५० टक्के मिश्रणाचे वेगळे. लाट मोठी असेल तर ६ ऐवजी ५ मीटरवर रहा, स्टॉप पाळणं सोपं जातं. स्टॉप लांबला तर मधे काही मिनिटं पाठीच्या वायूवर.

आणि वायू बदलताना घाई नको. टेक्निकल डायव्हिंगमध्ये चुकीच्या खोलीवर चुकीचा रेग्युलेटर तोंडात जाणं हे मृत्यूचं ठळक कारण आहे. सिलिंडरवर कमाल खोली मोठ्या आकड्यात, दोन बाजूंना: २१ आणि ६. एवढंच मोठं, टक्केवारी, तारीख, मोजणाऱ्याची सही लहान चिठ्ठीवर. बदलताना आधी कॉम्प्युटरवर खोली, मग सिलिंडरवरचा आकडा जोडीदाराला दाखवायचा, व्हॉल्व्ह उघडायचा, त्या सिलिंडरपासून नळी हाताने चाचपत रेग्युलेटरपर्यंत यायचं, तोच तोंडात. जोडीदार नळी बघून खूण देतो, त्यानंतरच कॉम्प्युटरवर वायू बदलायचा. दोघांनी एकदम बदलायचं नाही, एकाने बघायचं.

५० टक्के मिश्रण हरवलं किंवा रेग्युलेटर वाहू लागला तर काय, हे वरच ठरवून पाटीवर लिहिलेलं हवं: पाठीच्या वायूवर वर येत ऑक्सिजनपर्यंत, त्याचा वेगळा डेको. ऑक्सिजन हरवला तर ५० टक्क्यांवर उरलेला सगळा डेको. ११ लिटर × २०० म्हणजे २,२०० लिटर आहेत, पुरतात. पण पुरतात हे तिथे लटकत शोधायचं नसतं.

सांगाडा

आता मुख्य कामाकडे. २२ मिनिटांत काय मोजायचं?

बहुतेक जण घंटा शोधतात. लोखंडी जहाज ओळखायला त्याहून भरवशाची गोष्ट जागीच उभी असते: इंजिन आणि बॉयलर. जहाजाचे पत्रे कुजून बाजूला कोसळतात, पण बॉयलर आणि इंजिन जाड असल्याने ते शेवटपर्यंत उभे राहतात, बहुधा अवशेषाचा सगळ्यात उंच भाग तोच. लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या नोंदवहीत बाष्पजहाजांच्या नोंदीत इंजिनाच्या सिलिंडरांची संख्या, त्यांचे व्यास आणि दट्ट्याचा स्ट्रोक (एका दिशेची धाव) इंचांत असतो. तिहेरी प्रसरणाच्या इंजिनाला उच्च, मध्यम आणि कमी दाबाचे तीन वाढत्या व्यासाचे सिलिंडर. तीन व्यास आणि स्ट्रोक जुळले, बॉयलरची संख्या जुळली, लांबी-रुंदी जुळली, की उमेदवार जहाजं फार थोडी उरतात.

यात एक फसगत आहे. झाकण असलेल्या सिलिंडरचा बाहेरून मोजलेला व्यास म्हणजे आतला व्यास नव्हे. झाकणाची कड, बोल्टांची रांग, वर चढलेला क्षारांचा थर, सगळं त्यात येतं. बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास मोजा, आणि तिन्ही सिलिंडरांवर तोच भाग मोजा; आकडा थोडा चुकला तरी तिघांचं आपसातलं गुणोत्तर साधारण टिकतं. बॉयलरचा बाहेरचा व्यास, लांबी, एका तोंडाला भट्ट्या किती, दोन्ही तोंडांना आहेत का. जहाज ढकलणाऱ्या पंख्याची (प्रॉपेलरची) पाती किती आणि ती एकसंध ओतीव की बोल्टने बसवलेली. एवढं मिळालं तर वर आणण्यासारखं काही उरतच नाही.

यू-८६९ चंच बघा. एका खलाशाचं नाव कोरलेली सुरी आधी मिळाली, पण सुरी एका जहाजावरून दुसऱ्यावर जाऊ शकते, आणि कागदोपत्री ती पाणबुडी आफ्रिकेच्या बाजूला बुडालेली होती. १९९७ मध्ये सुट्या भागांच्या पेटीवरची क्रमांकाची पट्टी मिळाली तेव्हा कुठे निकाल लागला. सुटी वस्तू ही पुष्टी देते; ओळख जहाजाच्या अंगाला जोडलेल्या भागांतून होते.

तळठाव

फोटोग्रामेट्रीने, म्हणजे एकमेकांवर येणारे फोटो जोडून त्रिमितीय प्रतिमान करून, अख्खं जहाज होईल?

सांगाडा

एका डायव्हमध्ये नाही. हिशेब असा: तळापासून दीड-दोन मीटर वरून भिंग रुंद असेल तर एका फोटोत साधारण २ मीटर रुंद, दीड मीटर लांब पट्टा येतो. शेजारच्या पट्ट्यांत ६० टक्के आच्छादन हवं, म्हणजे पट्टे ०.८ मीटरवर. पुढे ८० टक्के, म्हणजे दर ०.३ मीटरला एक फोटो. गाळ न उडवता सेकंदाला ०.२ मीटर जाता येतं. तेव्हा दर दीड सेकंदाला एक फोटो. २२ पैकी १८ मिनिटं फोटोंना धरली तर २१६ मीटरचा मार्ग, ७२० फोटो आणि जेमतेम १७० चौरस मीटर. एवढ्यात इंजिन आणि बॉयलर येतात. तेवढंच घ्या.

सुरुवातीला ज्ञात लांबीच्या किमान दोन मोजपट्ट्या, शक्यतो एकमेकींना काटकोनात, ठेवायच्या; त्याशिवाय प्रतिमान दिसायला सुंदर पण मापहीन. फोकस, शटर, व्हाइट बॅलन्स हाताने पक्कं करा. दिवे कॅमेऱ्यापासून लांब, बाहेरच्या बाजूला फाकवलेले, नाहीतर पाण्यातले कण उजळून प्रत्येक फोटोत बर्फ पडतं. सरळ वरून घेतलेल्या फोटोंत उभ्या बाजू येत नाहीत, म्हणून इंजिनाभोवती तिरका कॅमेरा धरून एक वेढा जास्तीचा. शेवटी सुरुवातीच्या जागी येऊन पहिले काही फोटो पुन्हा घ्या, मार्ग बंद झाला की प्रतिमान वाकत नाही.

फोटो असले तरी तीन-चार मापं टेपने घ्याच. फोटो बिघडले तर हातात तेवढंच राहतं. प्रवाहात टेप पोट काढतो आणि माप जास्त येतं, म्हणून लहान अंतरं.

बत्तीवाला

आत शिरण्याबद्दल आराखड्यात काही नाही, आणि ते तसंच राहू द्या. इंजिनखोली वरून उघडी असेल तरी पत्र्याखाली डोकं घालायचं नाही. बंद छताखाली सोडलेले बुडबुडे गंज सोडवतात. जाताना स्वच्छ दिसलेली वाट येताना तपकिरी असते, त्यात तुम्ही काही हलवलेलं नसलं तरी. आत जायचं तर वापरायच्या वायूचा एक तृतीयांशच जाताना, तीन दिवे, आणि दोरी बाहेर एकदा, दाराच्या आत लगेच दुसऱ्यांदा बांधलेली. गंजलेल्या पत्र्याची कड दोरी कापते, म्हणून दोरी कडेवरून ताणायची नाही, वळणावर बांधून लांब ठेवायची. हे सगळं २२ मिनिटांत मोजमापाबरोबर बसत नाही.

बाहेरही दोरी हवीच. नांगरदोरापासून इंजिनापर्यंत रीळ सोडा. दृश्यता गेली तर परतीचा दोर सापडला पाहिजे, नाहीतर उघड्या पाण्यात वाहत डेको करावा लागेल. तसा प्रसंग आला तर २१ मीटरवर पोहोचण्याआधी बोया सोडा, म्हणजे वरची नाव मागे येते. अवशेषांवर अडकलेली मासेमारीची जाळी सगळ्यात वाईट, दिव्याच्या झोतात पातळ नायलॉन दिसत नाही. कापायची दोन साधनं, दोन्ही हातांना पोहोचतील अशी, छातीच्या वर. मांडीला बांधलेला चाकू जाळ्यात अडकलेल्या माणसाला उपयोगाचा नाही.

नवा_पाणबुड्या

हेच काम रीब्रीदरने, म्हणजे सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा देणाऱ्या यंत्राने, केलं तर मिनिटांची अडचण सुटते ना?

मंदश्वास

तळाच्या वायूची सुटते, डेकोची आणि बेलआउटची (यंत्र सोडून वर येण्याच्या वायूची) नाही. यंत्र बंद पडलं तर वर येण्याचा सगळा वायू ओपन सर्किटमध्ये बरोबर हवाच, आणि त्या क्षणी कार्बन डायऑक्साइडने धापा टाकणारा माणूस मिनिटाला २० नाही, ४०-५० लिटर ओढतो. घनतेची अट तर तिथे आणखी कडक. २००५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होल या पाण्याने भरलेल्या खोल विवरात डेव्ह शॉ हा पाणबुड्या २७० मीटरवर रीब्रीदर वापरताना मरण पावला, एका पाणबुड्याचा देह वर आणण्याच्या कामात. त्या मृत्यूच्या विश्लेषणात घट्ट वायू, श्रम आणि साठलेला कार्बन डायऑक्साइड हेच कारण पुढे आलं. शिवाय रीब्रीदरला हेही लागतं: स्क्रबरमधला (कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या डब्यातला) सोडालाइम किती वापरला याची नोंद, तीन ऑक्सिजन सेलची तारखेने बदली, आणि पाण्यात उतरायच्या आधी पाच मिनिटं श्वास घेऊन बघितलं म्हणजे स्क्रबर ठीक, असा विश्वास न ठेवणं. बिघडलेला स्क्रबर त्या पाच मिनिटांत बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

नवा_पाणबुड्या

आणि समजा सुटं काही दिसलंच, बशी किंवा पितळी वस्तू. जाळं ओढलं गेलं तर फुटेल, त्यापेक्षा उचललेली बरी, असं नाही का?

खारपाणी

धोका खरा असेल तर तो कळवण्याचा मुद्दा आहे, उचलण्याचा नाही. युनेस्कोच्या २००१ च्या करारात १०० वर्षांहून जास्त काळ पाण्याखाली असलेला वारसा जागीच जपणं हा पहिला पर्याय मानला आहे आणि त्याचा व्यापार वर्ज्य आहे. ब्रिटनमध्ये उचललेली कोणतीही वस्तू २८ दिवसांत रिसीव्हर ऑफ रेक या सरकारी अधिकाऱ्याला कळवावी लागते, आणि १९८६ च्या कायद्याने संरक्षित केलेल्या लष्करी जहाजांवर हात लावणं गुन्हा आहे. प्रत्येक देशाचं वेगळं. उतरण्यापूर्वी तिथला कायदा वाचायचा.

वस्तूच्या दृष्टीने बोलायचं तर ती खाली ऑक्सिजन कमी असलेल्या गाळात स्थिरावलेली असते. वर आणली की नाश सुरू होतो. लोखंडात क्षार मुरलेले असतात. सुकलं की क्लोराइड हवेशी मिळून आतून फोडतं. ओतीव लोखंड तर बाहेरून अखंड दिसतं आणि आत नुसतं ग्रॅफाइट उरलेलं असतं, बोटाने दाबलं तरी खचतं. लाकडाच्या पेशी पाण्याच्या आधारावर उभ्या असतात, सुकताना कोसळतात. मातीच्या भांड्यात क्षारांचे स्फटिक होऊन चकाकी सुटते.

आणि गोल, नळीसारखं, पितळी टोकाचं काही असेल तर हात लावायचाच नाही. बुडालेली स्फोटकं कुजून जास्त संवेदनशील होतात.

नवा_पाणबुड्या

दुसऱ्या कोणी आधीच आणलेली वस्तू हाती आली तर?

खारपाणी

कळवणं पहिलं. तोवर सुकू द्यायची नाही. त्याच समुद्राच्या पाण्यात, झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, गार आणि अंधारात ठेवा. घासायचं नाही, चढलेला कठीण थर फोडायचा नाही. त्याच्या आत कुजून गेलेल्या लोखंडाचा साचा असतो आणि एक्स-रेत मूळ आकार दिसतो. लोखंड आणि तांब्या-पितळेच्या वस्तू एका डब्यात ठेवू नका, एकमेकींना खातात.

पुढचं काम संवर्धकाचं. तो मातीची भांडी ठेवलेल्या पाण्यात आठवड्यांगणिक गोड्या पाण्याचं प्रमाण वाढवत नेतो आणि पाण्यातलं क्लोराइड मोजत राहतो, घटायचं थांबेपर्यंत. लोखंड सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य, साधारण २ टक्के द्रावणात महिनोन्महिने, मोठं असेल तर वर्षानुवर्षं राहतं. त्यासाठी अॅल्युमिनियमचं भांडं चालत नाही, ते विरघळतं. लाकडासाठी पॉलिएथिलीन ग्लायकॉल. मेरी रोज ही लाकडी इंग्लिश युद्धनौका १९८२ मध्ये वर आली आणि तिच्यावरचे फवारे २०१३ मध्ये थांबले. डब्यावर जागा, खोली, तारीख, उचललेल्याचं नाव आणि शेजारी काय होतं हे पेन्सिलीने जलरोधक कागदावर लिहून आतच टाका. शाई पुसते आणि बाहेरची चिठ्ठी डब्यापासून वेगळी होते.

तळठाव

इंजिनाच्या मापांसाठी पाटीचा नमुना करतोय: तीन सिलिंडरांच्या बोल्ट-वर्तुळांना तीन रकाने, बॉयलरला दोन, पंख्याला एक, कोपऱ्यात राखीव ८६ बार. सांगाडा, स्ट्रोक कसा मोजायचा ते राहिलं. दट्टा तर आतच असतो.

सांगाडा

खाली क्रँकशाफ्ट दिसत असेल तर क्रँकपिनच्या मध्यापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या आणि दुप्पट करा, तोच स्ट्रोक. मध्य सापडत नसेल तर दोन्हींच्या एकाच बाजूच्या कडा आणि दोन्हींचे व्यास मोजा, मध्य वर आल्यावर काढता येतो. गाळाने क्रँक झाकला असेल तर तो रकाना रिकामा सोडा, उकरायला बसू नका.

बत्तीवाला

पाटीवर वेळही लिहा. तळावरचं १७ वं मिनिट झालं की टेप गुंडाळायचा, रकाने भरलेले असोत वा नसोत. रीळ गुंडाळत नांगरदोरापर्यंत परत यायला तीन-चार मिनिटं लागतात आणि ती २२ मध्येच धरायची आहेत. सांगाडाच्या हिशेबात फोटोंना १८ मिनिटं दिली आहेत, ती १३-१४ होतात, म्हणजे १७० ऐवजी १२५-१३० चौरस मीटर. बॉयलर एकाच बाजूने घ्या.